लिफ्टवाले आणि आरसा मावशी

आमच्या ह्यांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावरही सांगते, आणि ते मान डोलावतात. समोरच्यांनी गॅलरीत झोका टांगला की ह्यांना आमच्या खुर्च्या टोचायला लागतात. बरोबरच्या मेकॅनिकला हत्यारांची नवी पिशवी मिळाली, तर घरी येऊन जेवणभर त्या पिशवीच्या चेनला नावं ठेवत होते. बाकी माणूस निर्मळ आहे. कोणाचं वाईट करणार नाही, वाईट चिंतणारही नाही. फक्त कोणाचं बरं झालं की ह्यांच्या पोटात दुखतं. साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला, अशी म्हण आहे. पण मी आपला म्हटलाय, आता काय करता!

हे लिफ्ट दुरुस्त करतात. इमारतीच्या सगळ्यात वरच्या खोलीत बसून मोटर, ब्रेक, दोर तपासायचे आणि खाली येऊन दारं सरळ करायची. पण ह्यांचं खरं कसब वेगळंच. दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं की त्या माणसाशी बाहेरून बोलत राहायचं. "घाबरू नका, हवा आत येतेय, मी इथंच उभा आहे, आता मी वर जाऊन ब्रेक सोडणार, मग एक छोटासा धक्का बसेल." रडणारी माणसं ह्यांचा आवाज ऐकून गप्प होतात. आतल्याला दिसत नाही असं काहीही हे त्याला बाहेरून समजावून सांगू शकतात. मला मात्र लग्नानंतर आजवर एकही गोष्ट धड समजावून सांगितलेली नाही.

एकदा असेच एक आजोबा अडकले. ते घाबरले तर नाहीतच, उलट आतून विचारायला लागले, "आत्ता हा दोर तुटला तर माझं वजन किती भरेल हो?" बाहेर आल्यावर त्यांनी ह्यांचा नंबर घेतला आणि आपल्या गटात ओढलं. फोनवरचा गट, आकाशाबद्दल गप्पा मारणाऱ्यांचा. तिथं नावं नाहीत, जो जे काम करतो तेच त्याचं नाव. एक सुतार आहेत, एक नर्सबाई, एक बस चालवणारे. हे झाले लिफ्टवाले.

त्या गटात आजोबांचा एक नियम होता. प्रश्न कसलाही विचारा, कृष्णविवराचा विचारा, विश्व कुठून सुरू झालं ते विचारा, पण उत्तर देणाऱ्यानं आपल्या रोजच्या कामातलं उदाहरण द्यायचं. पुस्तकातलं वाक्य उचलून टाकलं की आजोबा ते सरळ पुसून टाकायचे. आणि आठवड्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर ते वर पिन करायचे, म्हणजे गट उघडला की आधी तेच दिसणार. आता, त्यातल्या एकाच्याही घरी दुर्बीण नाही. सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा कारभार. पण बोलायला लागले की वाटावं, हे आत्ताच शनीवरून जाऊन आले.

ह्यांना तिथं मान मिळाला. पिन बहुतेक ह्यांचीच असायची. सकाळी चहा घेताना फोन उघडायचे, आपलंच उत्तर वर बघायचे आणि मग कपडे घालायचे. त्या काळात घरात शांतता होती. समोरच्यांच्या झोक्याबद्दलसुद्धा एकदा बरं बोलले.

मग ह्यांनी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या साडूला, त्या गटात आणलं. का, तर आपलं तिथं किती वजन आहे ते त्यानं बघावं म्हणून. धाकटीच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. हळू बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना कुठली कधी घ्यायची ते सांगतो आणि पुन्हा विचारतो, "कळलं ना? की परत सांगू?" धाकटीशीही तसाच बोलतो. तिची पिशवी उचलतो, वर विचारतो, "तुला पटतंय ना?" मला पटतंय का हे मला शेवटचं कोणी विचारलं, ते आठवायला बसावं लागेल. धाकटीचं माझ्यापेक्षा सगळंच मऊ निघालं, केससुद्धा. तेव्हा पोटात दुखण्याची मक्तेदारी काही एकट्या ह्यांची नाही.

साडू आधी नुसता वाचत बसला. मग एका मुलीनं प्रश्न टाकला, की पडत्या लिफ्टमध्ये आपलं वजन शून्य होतं असं म्हणतात, ते कसं काय? प्रश्न लिफ्टचा! ह्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलेलं. सगळे म्हणाले, लिफ्टवाले सांगतील.

आणि लिफ्टवाल्यांनी काय सांगावं? लिफ्ट पडतच नाही. दोर एक नसतो, अनेक असतात. एक तुटला तर बाकीचे धरतात. सगळे तुटले तरी वेग वाढला की गव्हर्नर नावाची चकती ओढ देते आणि लिफ्टच्या खालचे जबडे रूळ चावून धरतात. असं फोनभर लिहिलं. शेवटी लिहिलं, "मी ज्या लिफ्टला हात लावला ती आजवर पडलेली नाही, पडणार नाही, आणि असले प्रश्न विचारून लोकांना भिववू नये." वजनाबद्दल, गुरुत्वाकर्षणाबद्दल अक्षर नाही. माणसाला धंद्याची अब्रू आडवी आली. गटातल्या सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या.

मग साडूनं लिहिलं. "लिफ्ट पडत नाही हे आमच्या लिफ्टवाल्यांनी सांगितलंच आहे, आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण समजा, पडलीच. माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आहे आणि मी ती सोडली. बाटली खाली पडतेय, पण मीही तितक्याच वेगानं पडतोय आणि पायाखालची फरशीसुद्धा. म्हणून ती बाटली माझ्या नाकासमोर तरंगत राहील. मी वजनकाट्यावर उभा असलो तर काटाही माझ्याबरोबर पडतोय, त्याच्यावर भार कोण टाकणार? वजन कुठं गेलं नाही, फक्त त्याला टेकायला काही उरलं नाही."

आजोबांनी ते पिन केलं. ह्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की त्या दिवशी कामावर जाताना डबा विसरले.

तिथून पुढं साडूची पिन उतरेना. आणि त्यातच आजोबांनी जाहीर केलं, की आपले डोळे आता साथ देत नाहीत, लवकरच गटाची किल्ली एकाच्या हाती सोपवणार. म्हणजे कोणाला घ्यायचं, काय पुसायचं, काय पिन करायचं, ते सगळं त्या एकानं ठरवायचं. ह्यांना ती किल्ली हवी होती. इतकी हवी होती, की बोलायचेसुद्धा नाहीत. धाकटीकडे जायचं म्हटलं की ह्यांची कंबर धरायची, आणि ती दोघं आमच्याकडे आली की हे वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी बेल तपासायला निघून जायचे.

माझं पार्लर घरातच आहे, पुढच्या खोलीत. एक खुर्ची, एक मोठा आरसा, खाली कप्पा, पाय घासायला एक बुटकं स्टूल. एका दुपारी धाकटी केस कापायला आली. मी कात्री घेतली, तर ही फोन काढून हसत बसलेली.

"ताई, आमच्या ह्यांच्या त्या गटात एक बाई आल्यात. आरसा मावशी. पार्लर आहे म्हणे त्यांचं. हे नुसते वेडे झालेत त्यांच्या मागे. जेवताना मावशी, झोपताना मावशी. मला तर आता राग यायला लागलाय."

"कोण आहे ही बया?" मी विचारलं. खरं सांगते, धाकटीला कोणाचा तरी हेवा वाटतोय हे ऐकून मला जरा गार वाटलं.

"ऐक ना, काय लिहितात. कोणीतरी विचारलं होतं, विश्व फुगतंय तर त्याचं मधोमध कुठं आहे, आणि मग माझी खोली का फुगत नाही? तर मावशी म्हणतात, रबरी हेअरबँडला क्लिपा लावा आणि ताणा. क्लिपा मोठ्या होत नाहीत, त्या आपापल्या घट्ट असतात. फक्त दोन क्लिपांमधलं अंतर वाढतं. आणि कुठल्याही क्लिपेवर बसून बघा, बाकीच्या सगळ्या आपल्यापासूनच लांब चालल्यात असं वाटेल. माझ्या पार्लरमध्येही तसंच आहे. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला वाटतं, जग आपल्याभोवतीच आहे." धाकटी हसली. "अगदी तुझ्यासारखंच बोलतात गं!"

माझी कात्री थांबली. माझ्यासारखं कसलं, माझंच होतं ते! हेअरबँडला क्लिपा लावून ठेवण्याची सवय माझी. आणि खुर्चीतल्या बायकांबद्दलचं ते वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी जेवताना म्हणते. धाकटीनं आणखी एक वाचून दाखवलं. आरशातला उजेड आपल्यापर्यंत यायला अगदी इवलासा का होईना वेळ लागतो, म्हणून आरसा नेहमी थोडा आधीचा, थोडा तरुण चेहरा दाखवतो, आणि लांबच्या ताऱ्याचंही तसंच असतं. पहिला अर्धा भाग मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. ताऱ्याची शेपटी तेवढी दुसऱ्या कोणाची तरी होती.

संध्याकाळी हे आले. मी हात धुवायलासुद्धा जाऊ दिलं नाही.

"आरसा मावशी कोण?"

चोराच्या मनात चांदणं. हे म्हणाले, "मला काय माहीत, मी गटात हल्ली जास्त नसतो."

"मी गट म्हटलंच नव्हतं."

मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. दुसरा नंबर घेतला होता. मावशी बनून साडूला अडचणीचे प्रश्न विचारायचे, तो चुकला की आजोबांसमोर तोंडघशी पाडायचं, असा बेत. पार्लर का, तर दुसरं कुठलं काम ह्यांनी रोज इतक्या जवळून पाहिलेलं नाही.

"पण तो चुकलाच नाही," हे म्हणाले. "अडला, तर स्वतःच सांगायचा. म्हणायचा, मावशी, मला नक्की माहीत नाही, तुम्हाला काय वाटतं? मग काहीतरी लिहावं लागायचं. तर तू जे बोलतेस तेच लिहायचो आणि पुढं आकाश जोडायचो."

"आणि तो तुमचं कौतुक करायचा."

"माझं कुठं करतो? तिचं करतो!" ह्यांचा आवाज चढला. "तिला म्हणतो, मावशी, तुमच्यासारखं कोणी समजावत नाही. मी एवढे दिवस लिहिलं तेव्हा म्हणाला का कधी? तीच गोष्ट लिफ्टवाल्यांनी लिहिली की नुसती अंगठ्याची खूण टाकतो आणि मावशीनं लिहिली की चार ओळी लिहितो!"

मी बघतच राहिले. माणूस शेजाऱ्यावर जळतो, सोबत्यावर जळतो, साडूवर जळतो, इथवर मी समजू शकते. हा माणूस स्वतःवरच जळत होता. हसावं की रागवावं ते कळेना, म्हणून मी रागावले. माझी वाक्यं होती, मला विचारलं नव्हतं. आणि धाकटीचा नवरा ज्या बाईची तारीफ जेवताना करत होता, ती अर्धी मी होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आजोबांचा निरोप आला. किल्ली आरसा मावशींना द्यायची. नाव साडूनंच सुचवलं होतं. रविवारी सकाळी सगळ्यांनी फोनवर समोरासमोर यायचं, मावशींचं तोंड बघायचं आणि किल्ली त्यांच्या हवाली करायची.

हे खोलीभर फिरत राहिले. शेवटी माझ्यापुढं उभे राहून म्हणाले, "तू हो ना मावशी. एकदाच. किल्ली हातात आली की पुढचं मी बघीन."

"धाकटी आणि तिचा नवरा मला ओळखणार नाहीत?"

"ओळखू देत की. मावशी तूच होतीस असं म्हणायचं. त्यात खोटं तरी किती आहे?"

एवढं एक खरं बोलले. आणि मला हवंही होतं ते, कशाला लपवा? ज्या बाईबद्दल सगळे बोलत होते ती व्हायला मला आवडणार होतं. मी रविवारी सकाळी चांगली साडी नेसले, फोन आरशाला टेकवून ठेवला आणि खुर्चीत बसले. हे खाली पाय घासायच्या स्टुलावर, कप्प्याच्या आडोशाला, कोणाला दिसणार नाहीत असे. कोणी प्रश्न विचारलाच तर उत्तर हळूच सांगायला.

पडद्यावर चेहरे उमटले. आजोबा, सुतार, नर्सबाई, आणखी कोण कोण. एका चौकोनात साडू आणि त्याच्या खांद्यामागून डोकावणारी धाकटी.

"ताई?" साडूचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बाई!" धाकटी ओरडली. "तू? आणि मी तुझ्याच खुर्चीत बसून तुलाच वाचून दाखवत होते!"

सगळे हसले. साडूला तर किती आनंद झाला! आजोबांना म्हणाला, "ह्या माझ्या मोठ्या मेहुणीबाई. आणि मी ह्यांना घरात कधी आकाशाबद्दल एक शब्द विचारला नाही! ते हेअरबँडचं उत्तर आठवतं ना? असं उत्तर ह्या गटात आजवर कोणी दिलेलं नाही. आमच्या दादांनी, म्हणजे लिफ्टवाल्यांनीसुद्धा नाही."

मला कान गरम झाल्यासारखं वाटलं. खाली स्टूल करकरलं.

आजोबा म्हणाले, "खरं आहे. लिफ्टवाले हुशार, पण त्यांचं लक्ष पिनेवर असायचं. ह्या बाईंचं लक्ष समोरच्या माणसावर असतं. म्हणूनच किल्ली..."

"ते मी लिहिलंय!"

हे ताडकन उठले. डोकं कप्प्यावर आपटलं, शांपूची बाटली खाली गेली. कपाळ चोळत माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि फोनकडे बोट करून म्हणाले, "हेअरबँड मी लिहिलाय. आरसा मी लिहिलाय. मावशी म्हणजे मी. एकूण एक शब्द माझा आहे!"

किल्ली दोन वाक्यांवर आली होती. नुसतं स्टुलावर बसून राहायचं होतं. पण माझी तारीफ ह्यांना ऐकवली नाही. एकूण एक शब्द म्हणे! मी आरशातून ह्यांच्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी हातात कात्री नव्हती हे बरंच झालं.

आजोबांनी चष्मा काढला. "दोन नावांनी लिहीत होतात?" एवढंच म्हणाले.

साडूचा चेहरा उतरला होता. रागावला नव्हता, आठवत असल्यासारखा होता. मग हळूच म्हणाला, "दादा, सगळं तुम्हीच लिहिलंत?"

"सगळं."

"मी मावशींना एकदा गटाबाहेर विचारलं होतं. आकाशाचं नव्हतं. विचारलं होतं, की माझे साडू मी आलो की उठून जातात, माझं काय चुकलं? मावशींनी लिहिलं, 'तुमचं काही चुकलं नाही. तो तुमच्यावर जळतो. ज्याला मनातून आपल्यापेक्षा मोठा मानतो, त्याच्यावरच इतका जळतो. त्याला तुम्ही आवडता, पण हे त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही.'" साडू थांबला. "दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी ते परत परत वाचत होतो. ते तुम्ही लिहिलंत, दादा?"

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. ह्यांनी मला मावशीचं सगळं सांगितलं होतं, हे सोडून. आरशात ह्यांचे कान लाल झालेले दिसत होते. अख्खा गट वाट बघत होता. आत्ताच छाती ठोकून झालं होतं, फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," हे म्हणाले. "तेवढं... तेवढं हिनं लिहिलं."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्याबद्दल असं एक वाक्य कधी बोललेलं नाही, लिहिलेलं नाही. लिहिलं ते धाकटीच्या नवऱ्याला. मला इतकं लागलं, की खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. मग मागच्या हाताकडे लक्ष गेलं. हे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

"हो," मी म्हणाले. "तेवढं एक माझं."

साडू हसला. डोळ्यांत पाणी आणून हसला. "ताई, त्या दिवशी तुम्ही माझं फार मोठं ओझं उतरवलंत," म्हणाला.

किल्ली त्यालाच मिळाली. एकाच माणसानं दोन नावांनी लिहिलं म्हणून दोन्ही नावं गटातून काढली, लिफ्टवाले आणि मावशी. फोन बंद झाल्यावर हे गुडघ्यांवर बसून फडक्यानं शांपू पुसायला लागले. बराच वेळ तीच फरशी पुसत होते.

"ओझं उतरवलंत म्हणाला," हे खाली मान घालून म्हणाले. "तुला म्हणाला."

"वाक्य तुम्हीच दिलंत मला."

"हो, पण हसला कसा, बघितलंस ना? माझं नाव सांगितलं असतं तर असा हसला असता?"

मी फोन उचलला, साडूचा नंबर काढला आणि ह्यांच्यापुढं धरला. "लावा आणि सांगा. माझं होतं म्हणा. मला नको तुमचं वाक्य."

ह्यांनी फडकं ठेवलं, हात पँटला पुसले, फोन घेतला. नंबराकडे बघत राहिले. मग फोन माझ्या मांडीवर परत ठेवला.

"आता तो म्हणेल, ताईंचं श्रेय लाटायला निघाले," म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.